सणाची भेट : पेन कुणासाठी आणि कसे घ्यावे?



अशोक विजयादशमी तोंडावर आली आहे. घरोघरी साफसफाई निघाली असेल. ट्रंकेतल्या पांढऱ्या साड्या आणि सदरे उन्हात पडले असतील. कुठे उचल मिळाली असेल, कुठे बोनसची वाट पाहणे चालू असेल. त्यातून धान्याला किती, कपड्यांना किती, उधारीला किती, असा हिशेब मांडून झाला की घरातली माणसे एकमेकांना विचारत असतील, पोरांना यंदा काय घ्यायचे?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो बांधवांसह धम्मदीक्षा घेतली, त्या दिवसाची ही आठवण. आमच्या माहितीतल्या पुष्कळ घरांतून या सणाला मुलांच्या हाती नवे पेन देतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येताना हार-मेणबत्त्यांऐवजी वही आणि पेन आणा, असे आवाहनही अलीकडे कार्यकर्ते करतात आणि लोक ते ऐकतात. चाल उत्तमच आहे. परंतु पेन घेताना आपण पुष्कळदा चुकतो. आम्हीही चुकलो आहोत. ती चूक आधी सांगतो, मग निवडीचे बोलू.

आमच्या घरची गोष्ट

याला वीस-बावीस वर्षे झाली. आमचे थोरले बंधू तेव्हा विक्रोळीच्या एका बैठ्या चाळीत राहत. कारखान्यात फिटर होते. मुलगा दहावीला, मुलगी आठवीला. त्या वर्षी आमच्या हाती चार पैसे जास्त आले होते. म्हणून विजयादशमीला आम्ही पुतण्यासाठी एक भारी शाईपेन घेऊन गेलो. काळे अंग, सोनेरी टोपण, मखमली पेटी. पुतणीसाठी ड्रेसचे कापड नेले.

बंधूंनी ती पेटी अर्ध्या चाळीला दाखवली. पुतण्याने शाई भरून वहीवर दोन ओळी लिहिल्या. मग ते पेन शोकेसमध्ये गेले ते तिथेच राहिले. शाळेत नेले तर हरवेल, निब मोडेल, कुणी चोरील. पोराचा अभ्यास साध्या बॉलपेनानेच चालू राहिला.

डिसेंबरात एका रात्री आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो होतो. चहा होत होता. एकाएकी बंधू मुलीवर ओरडले. तिच्या बोटांना निळी शाई लागलेली त्यांना दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की, सगळे निजले म्हणजे ती शोकेसमधले पेन काढून त्याने अभ्यास लिही आणि सकाळी पुसून पुन्हा जागेवर ठेवी. "दादाचं पेन खराब केलंस!" म्हणून बंधू संतापले.

आम्ही पेन हातात घेऊन पाहिले. खराब काहीच झाले नव्हते. उलट पहिल्या दिवशी भरलेली शाई आत सुकून बसली होती, ती पोरीने पाण्याने धुऊन काढली होती. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "काका, दादाला ते जड वाटतं. तो त्यानं लिहीतच नाही. मला लिहायचं होतं. मला तुम्ही कापड दिलंत."

वहिनी चुलीपुढून म्हणाल्या, "भाऊजी, पोरीचं काही चुकलं नाही."

वाचकहो, आमची मान खाली गेली. मुलींच्या शिक्षणावर आम्ही ठिकठिकाणी भाषणे केलेली, आणि आमच्याच पिशवीतून मुलासाठी पेन निघाले व मुलीसाठी कापड! बंधू त्या रात्री काही बोलले नाहीत. परंतु दुसऱ्या दिवसापासून शोकेसची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लटकू लागली, असे वहिनींनी मागाहून सांगितले.

पुतण्या आय.टी.आय. करून पुढे चांगला कारागीर झाला. त्या वर्षी त्याला खरे तर चांगली कंपासपेटी हवी होती. आम्ही त्याला विचारलेच नव्हते. म्हणजे आमच्या चुका दोन झाल्या. घरात लिहिते कोण, हे आम्ही पाहिले नाही. आणि ज्याला पेन दिले त्याच्या हाताला ते मानवेल का, हेही पाहिले नाही. आम्ही पाहिली ती पेटी.

मोल पेटीचे नव्हे

बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या खिशाला पेन असते, हे आपल्या लहानग्यालाही माहीत आहे. पुस्तकांप्रमाणेच त्यांना पेनांचीही हौस होती, असे त्यांच्या सहवासातल्या माणसांनी सांगून ठेवले आहे. परंतु ती शोकेसची हौस नव्हती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले तेव्हापासून लिहिणारा हा हात शेवटपर्यंत थांबला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे काम त्यांनी अखेरच्या रात्रीसुद्धा जवळ घेतले होते.

दुसरे उदाहरण संविधानाच्या मूळ प्रतीचे. ती छापलेली नाही, हाताने लिहिलेली आहे. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली आणि हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी त्यांवर सह्या केल्या. रायजादा यांनी ते देखणे अक्षर टाकाने काढले, म्हणजे निब दौतीत बुडवून. सोन्याचे पेन त्यांना लागले नाही. कामाला साजेशी निब लागली आणि रियाज लागला.

देण्याची वेळ

पेन द्यायला विजयादशमी हा सण फार सोयीचा आहे. जयंतीला, १४ एप्रिलला दिलेले पेन बहुतेक मुलांच्या बाबतीत परीक्षा संपता संपता किंवा संपल्यावर हाती पडते आणि सुट्टीत कुठेतरी पडून राहते. ऑक्टोबरात दिलेले पेन मात्र दहावी-बारावीच्या परीक्षेपर्यंत तीन-चार महिने वापरात येते. पेन आणि हात यांची ओळख व्हायला एवढा काळ हवाच. परीक्षेच्या आदल्या दिवशी कोरे पेन हाती देणे म्हणजे नवी चप्पल घालून लांबच्या वाटेला लागणे. बोटे कुठे धरायची, पेन किती कलते ठेवायचे, शाई केव्हा संपते, हे सगळे आधी कळलेले बरे.

शाईपेन की बॉलपेन?

बॉलपेनाच्या टोकाला बारीक गोळी असते. ती कागदावर फिरते आणि दाट शाई ओढते. हंगेरीच्या लास्लो बिरो यांनी १९३८ साली तिचे पेटंट घेतले. गोळी फिरायला थोडा दाब लागतो. दोन ओळींना तो जाणवत नाही, पण तीन तासांच्या भाषेच्या पेपरला अंगठा आणि मनगट भरून येते. जेल पेनाला दाब कमी लागतो, मात्र त्याची रिफिल लवकर संपते.

शाईपेनाला दाबच लागत नाही. निबेला मधोमध चीर असते आणि निबेखालच्या काळ्या पट्टीत बारीक खाचा असतात. दिव्याच्या वातीत तेल चढते तशी शाई या खाचांतून आपोआप निबेच्या टोकाला येते, आणि तेवढीच हवा आत जाते. हवेची ही वाट नीट साधणाऱ्या पेनाचे पेटंट अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली घेतले. म्हणून शाईपेन नुसते कागदावर टेकवून चालवायचे असते. दाबून लिहिणाऱ्या मुलाला ते दिले की त्याचा हात हळूहळू हलका होतो आणि अक्षर सुटे होते. मात्र पहिल्या महिन्यात घरच्यांनी धीर धरावा. बोटे रंगतील, दप्तराला डाग पडेल. त्यावरून मारू नये.

शाळेच्या आणि बोर्डाच्या पेपराला निळी किंवा काळी शाई चालते. स्पर्धा परीक्षांचे मात्र वेगळे आहे. उत्तराचा गोल रंगवायचा असेल तिथे बॉलपेनच लागते, आणि कोणत्या रंगाचे ते प्रवेशपत्रावर लिहिलेले असते. घरात कुणी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करीत असेल, तर त्याला रोजच्या टिपणांसाठी शाईपेन द्या आणि सोबत चांगल्या काळ्या बॉलपेनांचे एक पाकीट द्या. दोन्हींचा उपयोग होईल.

निब, वजन आणि शाई

निबेचे टोक बारीक, मध्यम आणि जाड असे मिळते. दुकानदार फाइन, मीडियम, ब्रॉड म्हणतात. आपल्या देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांची दाटी असते. एकेरी ओळींच्या वहीत जाड निबेने 'क्ष' किंवा 'ष्ट' लिहिले की आतली पोकळी भरून जाते. शिवाय स्वस्त वहीचा कागद शाई पितो, त्यामुळे रेघ आणखी फुगते. म्हणून शाळकरी मुलांना बारीक निब घ्यावी. जपानी बनावटीची निब युरोपी निबेपेक्षा एक पायरी बारीक असते, हेही ध्यानात ठेवावे. वयस्कर माणसांना आणि नजर कमी झालेल्यांना मात्र मध्यम निबच बरी. रेघ ठळक उमटते, लिहिलेले दिसते.

निब सोन्याची नसली तरी काही अडत नाही. सोन्याची निब मऊ असते, गंजत नाही, पण किंमत फार. पोलादी निबही उत्तम लिहिते. दोन्हींच्या टोकाला कठीण धातूचा एक बारीक दाणा बसवलेला असतो, आणि कागदाला लागतो तो हा दाणाच. तो नीट घासलेला असला की पेन सुरेख चालते.

धातूचे जड पेन हातात घेतले की भारदस्त वाटते, परंतु दहा पाने लिहिणाऱ्या मुलाला हलके पेन बरे पडते. टोपण मागे लावून आणि न लावता, अशा दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहावे. पुष्कळ पेने टोपण मागे लावल्यावर शेपटीकडे झुकतात. लहान हाताला फार जाड पेन देऊ नये, आणि ज्या बाबांचा हात हातोडी-पान्यावर घडला आहे त्यांना काडीसारखे बारीक पेन देऊ नये.

मूल डावखुरे असेल तर विशेष काळजी घ्यावी. त्याचा हात ताज्या शाईवरून सरकतो आणि लिहिलेले पुसटते. त्याला बारीक निब आणि लवकर वाळणारी शाई घ्यावी, किंवा सरळ चांगले बॉलपेन द्यावे. हात बदलायला लावू नये. तो दोष नव्हे.

शाई भरण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. काही पेनांना तयार नळी लागते. ती दर वेळी विकत घ्यावी लागते आणि गावाकडे मिळेलच असे नाही. म्हणून बाटलीतून शाई भरता येईल असेच पेन घ्यावे. नळीच्या पेनालाही शाई ओढणारा कन्व्हर्टर मिळतो का, ते दुकानातच विचारावे. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई पुष्कळ मावते, पण ती तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगून थेंब पडतो. पाव भाग उरला की पुन्हा भरावे.

आपल्या देशातही चांगली पेने होतात. आंध्रातल्या राजमहेंद्रीला रत्नम घराण्याने १९३२ पासून हाताने पेने घडवण्याचे नाव मिळवले. शाईचे म्हणाल तर मुंबईत दांडेकरांनी १९३१ साली शाई बनवण्याचा उद्योग सुरू केला, त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. पूर्वी चिनी हीरो पेनाची केवढी ऐट होती, ते आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल! आजही दोन-तीनशे रुपयांत लिहायला गोड असे शाईपेन मिळते. तेवढेही जमत नसेल तर त्याहून स्वस्तात मिळते. कर्ज काढून पेन घेऊ नये.

दुकानात काय पाहावे

ज्याला पेन द्यायचे त्याला सोबत न्या. अचानक भेट देण्याची मौज जाते खरी, पण पेन पायातल्या चपलेसारखे आहे, माप घेतल्याशिवाय जमत नाही. मुलाने वापरलेली एक वहीही न्या. दुकानदाराच्या गुळगुळीत कागदावर सगळीच पेने छान चालतात. निब शाईत बुडवून आपल्या वहीवर स्वतःचे पूर्ण नाव लिहायला सांगा, मग 'स्त्री', 'ज्ञान', 'राष्ट्र' असे शब्द. त्यानंतर आठाचा आकडा सलग दहा वेळा काढून पाहावा. रेघ मध्येच तुटली किंवा कागद खरवडला तर दुसरे पेन मागावे. निब समोर धरून पाहावी. तिच्या दोन्ही पात्या एका पातळीत हव्यात. बिल मागून घ्यावे. परदेशी नावाच्या पेनांच्या नकला पदपथावर पुष्कळ मिळतात. नाव कोरून घ्यायचे असेल तर आधी घरी आठवडाभर लिहून पाहावे. एकदा नाव कोरले की पेन बदलून मिळत नाही.

पेनासोबत शाईची एक बाटली आणि एक दोनशेपानी वही द्यावी. नुसते पेन दिले तर शाईवाचून ते पडून राहते. दोन रंगांच्या शाया एकत्र करू नयेत. चित्रकलेची पक्की शाई पेनात कधीही भरू नये, ती आत सुकली की पेन गेलेच समजा. महिन्यातून एकदा साध्या थंड पाण्याने, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावे. गरम पाणी वापरू नये. निब खाली करून पेन पडले तर दुरुस्तीला पैसे जातात, म्हणून टोपण लावूनच ठेवण्याची सवय मुलांना लावावी. पेन जपायचे ते एवढेच. कुलपात ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. महिनाभर न वापरलेल्या पेनातली शाई सुकते, हे आमच्या आठवीतल्या पुतणीला कळले होते, आम्हाला नव्हते.

आता तिचे पुढचे सांगतो. ती आज शिक्षिका आहे. ते जड पेन तिने कॉलेजपर्यंत वापरले, निब दोनदा बदलली. तिच्या आई, आमच्या वहिनी, बचत गटाच्या बैठकीत रजिस्टरवर अंगठा देत. साठीत त्या अक्षरे गिरवायला लागल्या. दोन वर्षांपूर्वी विजयादशमीला पोरीने आईला दुकानात नेले आणि एक हलके, मध्यम निबेचे, साधे निळे पेन घेऊन दिले. किंमत पुतण्याच्या त्या पेनाच्या पाव हिश्शानेही नसेल. वहिनींनी दुकानात तीन पेने परत केली. एक घसरते म्हणाल्या, एक टोचते, एक दिसतच नाही. चौथे त्यांना पटले.

आता दर महिन्याला त्या रजिस्टरवर आपले, नवऱ्याचे आणि आडनाव असे पूर्ण नाव लिहितात. वेळ लागतो. मागच्या बायका थांबतात. कुणी घाई केली तर वहिनी म्हणतात, "थांब की गं, माझं नाव लांब आहे."

तेव्हा यंदा बाजारात निघण्याआधी घरातच एकदा विचारा. कुणाला लिहायचे आहे? मुलाला विचारा, मुलीला विचारा, सुनेला विचारा, अंगठा देणाऱ्या आईलाही विचारा. जो हात पुढे येईल त्याला घेऊन दुकानात जा.

सर्व वाचकांना धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मंगल कामना. जयभीम!